वाचकांचे प्रश्न : ‘येशू बापा’ म्हणावं की नाही?

या महिन्यातली तीन पत्रं वेगवेगळ्या घरांतून आलीत, पण तिन्हींचा रोख एकच आहे : ज्याला आपण हाक मारतो तो आहे तरी कोण? म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवतो. नावं छापू नयेत असं तिघांनीही कळवलंय.

आदरणीय पाळकसाहेब, सप्रेम सलाम. मी अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स आहे. रात्रपाळीला पेशंटची कूस बदलताना, सक्शन करताना मनातल्या मनात प्रार्थना करते. माझ्या सासूबाई पहिल्यापासून ‘येशू बापा’ म्हणूनच प्रार्थना करतात. आमच्या मंडळीत आलेले नवे पाळक एकदा घरच्या प्रार्थनेला आले आणि म्हणाले, प्रार्थना पित्याला करायची असते, येशूच्या नावाने. ‘येशू बापा’ हे चूक आहे. तेव्हापासून सासूबाई प्रार्थनेत गप्प बसतात. मलाही रात्री प्रश्न पडतो, मी बोलते ते कोणाशी? आणि येशू देव असेल, तर गेथशेमाने बागेत तो कोणाची प्रार्थना करत होता? – एक परिचारिका, श्रीरामपूर

ताई, सलाम. सासूबाईंपासून सुरुवात करतो. तुमच्या शंकेला सवड आहे, त्यांचं गप्प बसणं मात्र आजच थांबायला हवं. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि सांगा, की जन्मभर त्या ज्याला हाक मारत आल्या त्याच्यापर्यंत ती पोचलेली आहे. स्तेफनावर दगड पडत होते तेव्हा तो ‘हे प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर’ असंच म्हणाला. पौलाने आपल्या देहातल्या काट्यासाठी प्रभूला तीनदा विनवलं, ते ख्रिस्तालाच. येशूला थेट हाक मारणं चूक असेल, तर आपला पहिला रक्तसाक्षीच चुकला म्हणावं लागेल.

शास्त्राबाहेरचाही एक पुरावा देतो, कारण तो मला फार मोलाचा वाटतो. इ. स. ११२च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या वायव्य भागाचा, रोमी सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजानला पत्र लिहून विचारलं, की या ख्रिस्ती लोकांचं करू काय? चौकशीत कळलेलं तो लिहितो, की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र आळीपाळीने म्हणतात. आणखी खरं काय ते काढून घ्यायला त्याने दोन दासींचा छळ केला. मंडळीत त्यांना सेविका म्हणत. त्यांची नावं लिहायची गरज प्लिनीला वाटली नाही. पण येशू कोण हे ठरवायला धर्मपरिषद भरली त्याच्या दोनशे वर्षं आधी, मालकाचं काम सुरू व्हायच्या आत, अंधारात येऊन त्याला देव म्हणून गाणारी माणसं होती. तुमच्या सासूबाई त्यांच्याच ओळीत बसतात.

तुमच्या पाळकांचं म्हणणं अगदीच टाकण्यासारखं नाही. पित्याला, पुत्राद्वारे, पवित्र आत्म्याच्या साहाय्याने, हा आपल्या उपासनेतला नेहमीचा क्रम आहे आणि तो प्रभूनेच घालून दिलाय. पुत्र म्हणजे पिता नव्हे, हेही खरं. पण शिकवणीलाही वेळ आणि जागा असते. म्हातारीच्या तोंडची प्रार्थना थांबवून ती द्यायची नसते. हे मी पाळक म्हणून लिहितोय आणि त्यांची गाठ पडली तर समोरही म्हणेन.

आता गेथशेमाने, वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची ती बाग. येशूने तिथे आपल्याला कित्ता घालून देण्यापुरती प्रार्थना केली, असं काही जण सांगतात. मला ते मुळीच मान्य नाही. ‘अब्बा, बापा, हा प्याला माझ्यापासून दूर कर’ हे कित्त्याचं बोलणं नव्हे. मरणाची धास्ती घेतलेल्या माणसाचं ते बोलणं आहे. योहानाचं शुभवर्तमान पहिल्याच वचनात दोन गोष्टी एका दमात सांगतं : शब्द देवासह होता आणि शब्द देव होता. म्हणजे देव कधी एकलकोंडा नव्हताच. पिता पुत्रावर प्रीती करतो, पुत्र पित्याकडे तोंड करून असतो, हे जग घडण्याच्या आधीपासून चालू आहे. पुत्र माणूस झाला तेव्हा तेच बोलणं माणसाच्या गळ्यातून, घाम गाळत, जैतुनाच्या झाडांखाली ऐकू आलं. येशू प्रार्थना करतो म्हणून तो देव नाही असं होत नाही. तो पुत्र आहे, हे त्या प्रार्थनेतच दिसतं.

पण ताई, मला तुम्हाला याहून जवळचं काही दाखवायचंय. मी खेड्यातल्या मंडळीत असताना पवित्र गुरुवारी आम्ही पाय धुण्याचा विधी करत असू. एका वर्षी ऊसतोडीवरून नुकतेच परतलेले एक आजोबा पहिल्या बाकावर होते. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा आणि त्यांत काळी माती बसलेली. मी परात पुढे सरकवली तर त्यांनी पाय चपलेसकट बाकाखाली ओढून घेतले. म्हणाले, “साहेब, तुम्ही नगा हात लावू.” त्यांना शास्त्र वाचता येत नव्हतं, तरी येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र जे म्हणाला, तेच ते बोलले. त्यांच्या वडिलांना गावच्या विहिरीवर चढू देत नसत, कुणाच्या अंगाला अंग लागलं तर मार बसायचा. आमच्या भागातली बरीचशी ख्रिस्ती घराणी गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतूनच आली. आपल्या पायाला कुणी हात लावायचा नसतो, हे त्या आजोबांच्या हाडात मुरलं होतं. शेवटी त्यांनी पाय पुढे केला. पाणी लगेच गढूळ झालं, भेगांतली माती निघायला वेळ लागला आणि ते तोंड फिरवून बसले होते.

योहानाच्या तेराव्या अध्यायात पाय धुण्याच्या आधी काय लिहिलंय ते आज पुन्हा वाचा. पित्याने आपल्या हाती सर्वकाही दिलंय, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो, हे जाणून येशू भोजनावरून उठला आणि त्याने रुमाल कमरेला बांधला. आपण कोण आहोत हे तो विसरला होता म्हणून नव्हे, तर ते पुरतं ठाऊक असताना तो खाली बसला.

म्हणूनच ‘येशू देव आहे का’ हा प्रश्न पंडितांपुरता नाही. अलेक्झांड्रियाच्या मंडळीतला एक पाळक, आरियस, शिकवत होता की पुत्र फार थोर, पण निर्माण केलेला. एके काळी तो नव्हता. त्यावर ३२५ साली निकेया इथे, त्याच बिथुनिया प्रांतात, धर्माध्यक्षांची परिषद भरली. छळाच्या दिवसांतले व्रण अंगावर असलेली माणसंही तिथे होती. त्यांनी ठरवलं, की पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे आहेत. २०२५ साली या गोष्टीला १७०० वर्षं झाली. आता त्या आजोबांच्या जागी बसून याचा विचार करा. आरियस म्हणतो ते खरं असेल, तर एका भल्या दूताने पाय धुतले आणि खुद्द देव मात्र वर, अंतर राखून राहिला, जसे गावातले मोठे लोक राखायचे. निकेया म्हणते ते खरं असेल, तर देवानेच हात लावला. मी दुसरं मानतो, आणि त्यावरच माझी पाळकी उभी आहे.

तुम्ही कोणाशी बोलता, याचंही उत्तर त्यातच आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो, की आपल्याला नीट प्रार्थना करता येत नाही तेव्हा आत्मा स्वतः कण्हून आपल्यासाठी मध्यस्थी करतो. पुढे म्हणतो, ख्रिस्त पित्याच्या उजवीकडे बसून तेच करतोय. म्हणजे रात्री तीन वाजता व्हेंटिलेटरचा अलार्म बंद करताना तुमच्या मनात जे अर्धंमुर्धं उमटतं, ते पिता-पुत्र-आत्म्याच्या आधीपासून चाललेल्या बोलण्यात जाऊन मिळतं. योग्य पत्ता घालून ते धाडण्याचा भार तुमच्यावर नाही. ‘प्रभू, या काकांना सोडू नकोस’ एवढं पुरे. आणि ज्या हातांनी तुम्ही त्या माणसाचं अंग पुसता, ते काम त्याने स्वतः आधी केलंय.

पाळकसाहेब, जय ख्रिस्त. मी हिंजवडीत नोकरीला आहे, तिघा मित्रांबरोबर राहतो. रूमवर एकाने विचारलं, ‘तुम्ही एकच देव म्हणता आणि नावं तीन घेता, हे कसं?’ शब्बाथ शाळेत शिकवलेलं पाणी, बर्फ आणि वाफ यांचं उदाहरण दिलं. तो म्हणाला, म्हणजे एकच देव वेश बदलतो. मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव, हे मला स्वतःलाच पटत नाही. अशा मनाने प्रभुभोजन घ्यावं का? – एक तरुण, पुणे

बाळा, तुझा मित्र हुशार आहे. त्याने बरोबर जागी बोट ठेवलं. तेच पाणी आधी बर्फ होतं आणि मग वाफ होतं, एका वेळी एकच. पण येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीवर पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतराप्रमाणे उतरतोय आणि पिता स्वर्गातून बोलतोय. देव पाळीपाळीने तीन रूपं घेतो, ही शिकवण मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारली. शब्बाथ शाळेच्या बाईंनी प्रेमाने सांगितलं असेल, तरी ते उदाहरण आता सोड, आणि त्याच्या जागी दुसरं शोधूही नकोस.

मित्राला घडलं ते सांग. पहिले शिष्य यहुदी होते. परमेश्वर एकच, हे त्यांच्या ओठांवर सकाळ-संध्याकाळ असायचं, त्यासाठी त्यांच्या वाडवडिलांनी जीव दिला होता. अशा माणसांना एक सुतार भेटला, जो पक्षाघाती माणसाला म्हणाला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. शास्त्री चरफडले, की देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो? प्रश्न अगदी रास्त होता. पुढे त्याला मारलं, पुरलं, आणि तो जिवंत भेटला. जखमा बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा थोमा त्याला ‘माझा प्रभू व माझा देव’ म्हणाला आणि येशूने त्याला अडवलं नाही. मग पन्नासाव्या दिवशी तोच देव त्यांच्या आत येऊन राहिला. ‘देव एकच’ हे त्यांनी कधी सोडलं नाही आणि जे पाहिलं तेही नाकारता येईना. त्रैक्याची शिकवण त्या दोन्हींना धरून ठेवण्यातून आली. कोणी खोलीत बसून गणित मांडलं नव्हतं.

पटत नाही म्हणतोस, त्यावर पंडिता रमाबाईंचं सांगतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांना ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल आणि त्रैक्याबद्दल शंका येऊ लागल्या, आणि त्यांनी त्या लपवल्या नाहीत. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या मुख्य बाई डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी पत्रांतून सडेतोड वाद घातला. कुणीतरी सांगितलं म्हणून मी मानणार नाही, असा त्यांचा बाणा होता. सिस्टर जेराल्डिनना त्याचा त्रास झाला. मिस बील यांनी धीराने एकेक मुद्दा घेऊन उत्तरं दिली. रमाबाईंनी ना शंका दडपल्या, ना ख्रिस्ताला सोडलं. पुढे त्यांनी लिहिलंय, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सापडला नव्हता. तो नंतर सापडला. ज्या बाईला त्रैक्य पटत नव्हतं तिनेच केडगावला ‘मुक्ती’ या आश्रमात निराधार बायका-मुलींचा संसार उभा केला आणि अखेरच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणलं.

तेव्हा प्रभुभोजनाला जा. तिथे परीक्षा घेतली जात नाही, भाकर दिली जाते. शंका मात्र वाऱ्यावर सोडू नकोस. मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत वाचून काढ, तासा-दीड तासाचं काम आहे, आणि प्रत्येक प्रसंगाला एकच विचार : हा माणूस हे कोणाच्या अधिकाराने करतोय? मित्रालाही वाचायला बसव. मग मला दोघं मिळून पत्र लिहा.

पाळकसाहेब, माझे वडील दारू पिऊन आईला आणि आम्हाला पट्ट्याने मारायचे. रविवारी तेच उपासनेत प्रार्थना चालवायचे. ते वारले, पण अजून मंडळी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायला लागली की माझे दात आवळतात. येशूचं मला भय वाटत नाही, पित्याचं वाटतं. येशू पित्याची समजूत घालून आपल्याला वाचवतो, असंच मनात बसलंय. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. माझे मिस्टर शांत आहेत, ती त्यांच्या अंगाखांद्यावर खेळते. तिला प्रभूची प्रार्थना शिकवू का? – एक भगिनी, जालना

ताई, तुमच्यावर आणि आईवर जे झालं ते पाप होतं, आणि ते प्रार्थना चालवणाऱ्याने केलं म्हणून दुप्पट. मंडळीतल्या कुणाला ते दिसलं नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. दिसूनही जे गप्प राहिले त्यांनाही देवापुढे जाब द्यावा लागेल. वडिलांना क्षमा केलीत का, असं मी विचारणार नाही. तो आजचा प्रश्न नाही, तुम्ही विचारलेलाही नाही.

रागावलेला पिता आणि मध्ये पडणारा पुत्र, हे चित्र पुष्कळांच्या मनात असतं आणि काही संदेशांतून ते आणखी घट्ट केलं जातं. पण देवाने जगावर एवढी प्रीती केली म्हणून पुत्राला दिलं, असं शास्त्र म्हणतं. पुत्राने मन वळवल्यावर पिता प्रीती करू लागला, असं कुठे नाही. फिलिप्प म्हणाला होता, “प्रभूजी, आम्हांला पिता दाखवा म्हणजे आम्हांला पुरे आहे.” येशूने त्याला म्हटलं, “ज्याने मला पाहिले आहे त्याने पित्याला पाहिले आहे.” येशूच्या पाठीमागे दुसरा कुणी, वेगळ्या स्वभावाचा, पट्टा घेऊन उभा नाही.

मार्काचा पाचवा अध्याय काढा. बारा वर्षं रक्तस्राव सोसणारी एक बाई गर्दीत मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते आणि पकडली गेल्यावर थरथर कापते. तो तिला ‘मुली’ म्हणतो आणि शांतीने जा म्हणून सांगतो. लगेच पुढे याईराच्या घरी बारा वर्षांची पोर मेलेली आहे. रडारड करणाऱ्यांना तो बाहेर काढतो, आईबापांना आत घेतो, तिचा हात धरतो, ‘मुली, ऊठ’ म्हणतो. ती उठून चालू लागते. सगळे थक्क होऊन उभे, आणि हा म्हणतो, हिला खायला द्या. पोरीला भूक लागली असेल हे एकट्या त्याच्याच लक्षात आलं. पिता असा आहे. त्या घरात त्या दिवशी जो होता, त्याहून निराळा पिता आकाशात नाही.

मंडळी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणते तेव्हा तुम्ही गप्प राहिलात तरी चालेल. ‘आमच्या’ म्हणणाऱ्यांत तुम्ही आहातच, बाकीचे तुमच्या वतीने म्हणतील. एकटीने प्रार्थना करताना येशूलाच हाक मारा. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत, आणि त्यांनी ख्रिस्ताला माय म्हणून आळवलं. यशयातही परमेश्वर म्हणतो, की आई लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. ती वाट तुम्हालाही मोकळी आहे. आणि सत्ताविसाव्या स्तोत्रातलं दहावं वचन वहीत लिहून ठेवा : ‘माझ्या आईबापांनी मला सोडले तरी परमेश्वर मला जवळ करील.’ तुमच्यासारखं घर ठाऊक असलेल्या कुणाच्या तरी ते तोंडी आलंय असं मला नेहमी वाटतं. दात आवळणं, झोप न लागणं हे फार होत असेल तर समुपदेशकाकडे जा. त्यात विश्वासाची उणीव नाही. महिला मंडळात भरवशाची एखादी बाई असेल तर तिलाही हे सांगा. ओझं मोठं आहे, एकटीने वाहू नका.

मुलीला प्रभूची प्रार्थना शिकवा. ‘पिता’ म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे तुमचे मिस्टर येतील.